५० ओहमचा रोधक का मिळत नाही?

घरच्या प्रयोगशाळेसाठी सुटे भाग आणायला आपण गेलो, की ५० ओहमचा रोधक सहसा मिळत नाही. मिळतो ४७चा किंवा ५६चा. हे विचित्र आकडे आले कुठून?

१८७०च्या दशकात फ्रेंच सैन्यातील अभियंता शार्ल रनार याने बलूनच्या दोरांचे नाना आकार भूमितीश्रेणीत बसवून मोजकेच ठेवले. १९५२ साली आंतरराष्ट्रीय विद्युततंत्र आयोगाने रोधकांसाठीही तशी श्रेणी प्रसिद्ध केली. तिच्यात १० ते १०० मध्ये १२ पायऱ्या, प्रत्येक सुमारे १.२१ पट. १० टक्के चूक धरली तर ४७चा रोधक ५१.७पर्यंत चढतो, ५६चा ५०.४पर्यंत उतरतो, मध्ये फट उरत नाही. बहुतेक जोड्यांचे असेच.

म्हणजे १० ओहमपासून १० लाख ओहमपर्यंत फक्त ६१ किमती! शाळेच्या तुटपुंज्या पैशांतही एवढी पेटी भरता येते.