जलाशयबुडीत : उतारांचे स्थैर्य व प्राचीन वास्तू

धरणसाठ्याच्या चढउतारांचा काठच्या उतारांवर आणि बुडीत क्षेत्रातील जुन्या बांधकामांवर होणारा परिणाम.

पाणी चढते तेव्हा काठची माती भिजते, कणांमधल्या पाण्याचा दाब (छिद्रदाब) वाढतो आणि कणांमधील घर्षण घटते. त्याच वेळी जलाशयाचे पाणी उताराला बाहेरून टेकूही देत असते. साठा झपाट्याने उतरला की टेकू जातो, पण चिकणमातीच्या पोटातले पाणी तितक्या लवकर निथळत नाही. म्हणून उतरणारे पाणी अनेकदा चढत्या पाण्याहून घातक ठरते. इटलीतील वायोंत येथे धोका ओळखून पाणी उतरवले जात असतानाच 9 ऑक्टोबर 1963 रोजी डोंगराचा सुमारे 27 कोटी घनमीटर भाग जलाशयात कोसळला. लाट धरणावरून गेली व सुमारे 2,000 माणसे मृत्युमुखी पडली; धरण उभेच राहिले. माळीण (30 जुलै 2014) येथील दरडीत अतिवृष्टी हे तात्कालिक कारण होते. त्यात जवळच्या डिंभे जलाशयाचा किती वाटा होता याविषयी मतभेद आहेत.

पाण्याच्या चढउताराचा हा न्याय वास्तूंनाही लागू पडतो. कायम बुडालेल्या दगडापेक्षा दरवर्षी भिजून सुकणारा दगड लवकर झिजतो. सांध्यांतला चुना विरघळतो, विटांच्या छिद्रांत क्षार साकळून पापुद्रे सुटतात, पायाखालची काळी माती फुगते-आकसते. पाणी एका पातळीवर रेंगाळले की लाटा आठवडेच्या आठवडे त्याच थरावर आदळतात.

उजनी (1980) : भीमेवरील या धरणाची क्षमता सुमारे 117 टीएमसी असून त्यातला निम्म्याहून अधिक मृतसाठा आहे. त्यामुळे इंदापूर तालुक्यातील पळसदेवचे पळसनाथ मंदिर बहुतेक काळ पाण्यात असते. पाणी मृतसाठ्याच्या पातळीखाली (‘उणे’त) गेले की, जसे 2024 च्या उन्हाळ्यात, मंदिर उघडे पडते. शिखर विटांचे असल्याने झीज तेथे अधिक संभवते. उघडे पडल्यावर गर्दी जमते. खरी निकड मात्र त्या थोड्या आठवड्यांत तडे, कलणे आणि पायाची धूप मोजून नोंदवण्याची आहे.

स्थलांतर : गोव्यात साळावली धरणामुळे कुर्डीचे कदंबकालीन महादेव मंदिर उकलून धरणाजवळ पुन्हा उभारले. कृष्णराजसागरात बुडालेले कन्नंबाडीचे होयसळकालीन वेणुगोपालस्वामी मंदिर बेंगळुरूच्या खोडे प्रतिष्ठानाने होस कन्नंबाडीला हलवले.

नागार्जुनकोंडा : जलाशयात बुडण्यापूर्वी येथे 1954 ते 1960 उत्खनन झाले व निवडक अवशेष टेकडीवर हलवले.