वांग्याचा रंग

शरद ऋतूवर कवींनी इतकं लिहून ठेवलं आहे की लोखंडाच्या किसाला त्यात जागाच उरलेली नाही. चांदणं आहे, कमळं आहेत, निरभ्र आकाश आहे. माझ्या शरद ऋतूत मात्र रॉकेलचा वास आहे, बोटांच्या पेरांत जाऊन बसलेला गंज आहे आणि ऑक्टोबरच्या उन्हात आपली थोडी भर घालावी म्हणून भट्टीपुढे उभी असलेली नववीतली बावीस कार्टी आहेत. त्यातलं एक कार्टं मी. मी टेक्निकल हायस्कुलात होतो.

हे वाक्य १९६६ साली आमच्या वडिलांना चारचौघांत बोलायला फार आवडे. वडील मामलेदार कचेरीत अव्वल कारकून. "धाकट्याला टेक्निकलला घातलाय," असं म्हणून ते पानाला चुना लावत. समोरचा लगेच म्हणे, "म्हणजे इंजिनियर करणार!" मुलाला लोहारकाम यावं अशी वडिलांची इच्छा होती असा गैरसमज कुणी करून घेऊ नये. तीन वर्षं पोराचे हात काळे झाले म्हणजे पुढं जन्मभर ते पांढरे राहतील, असा तो हिशेब होता. संस्कृतचे तास बुडाले याचं तेवढं आजीला वाईट वाटलं. "घणाच्या घावात कसला रे मोक्ष?" असं ती विचारी.

आमची कार्यशाळा म्हणजे पत्र्याची एक लांबलचक शेड. एका टोकाला सुतारकाम, मध्ये फिटिंग, दुसऱ्या टोकाला भट्टी. फिटिंगमध्ये पहिला जॉब मिळे तो लोखंडाच्या पट्टीचा चौरस तुकडा करण्याचा. कानस मारायची, गुण्या लावायचा, उजेडाकडे धरायचं. गुण्या आणि लोखंड यांच्यामधून उजेड दिसला की पुन्हा कानस. माझ्या तुकड्यातून नेहमी एवढा उजेड येई की त्यावर अभ्यास करता आला असता. पन्नास मिलिमीटरचा तुकडा पंचेचाळीसवर आला, मग चाळीसवर. चारी कोन काटकोन होईपर्यंत तो शिल्लक राहील की नाही, अशी मला काळजी लागली.

मिलिमीटर म्हणायचं ते सरांपुढे. १९५६ च्या कायद्यानं देशात मेट्रिक पद्धत आली होती, पण ती भट्टीपर्यंत पोचली नव्हती. तिथं सूत चाले. इंचाचा आठवा भाग म्हणजे एक सूत. सर म्हणत, "तीन पूर्णांक एकशेपंचाहत्तर सहस्रांश मिलिमीटर." भट्टीवरून आवाज येई, "सूतभर काढ रं!" आणि काम होऊन जाई.

तो आवाज मिस्त्रींचा. वर्कशॉप टेक्नॉलॉजी शिकवणारे ते सर, ड्रॉइंग शिकवणारे ते सर, पीटीवालेसुद्धा सर. आणि भट्टीवर शिकवणारे ते मिस्त्री. हा नियम कुणी केला होता कोण जाणे, पण तो आम्हांला पहिल्या दिवसापासून पाठ होता. हजेरीपटात सगळ्या सरांच्या सह्या झाल्या की एक आडवी रेघ होती. रेघेखाली मिस्त्रींची सही, आणि त्यांच्याखाली शिपायांची. बाप, आजा, पणजा ऐरणीवर गेलेला हा माणूस. धोतरावर खाकी सदरा घाली आणि सरांच्या खोलीत कधी बसत नसे. खुर्च्या कमी होत्या म्हणून, असं आम्ही तेव्हा समजत होतो.

आता थोडा इतिहास. घाबरू नका, सनावळ्या आटोपशीर आहेत.

आपल्या मुलांना हातचं काही शिकवावं ही कल्पना साहेबाला पहिल्यांदा १८५४ मध्ये सुचली. चार्ल्स वुड यांनी लंडनहून शिक्षणाचा खलिता धाडला, त्यात लोकांना उपयोगी पडेल असं व्यावहारिक ज्ञान द्या, असं होतं. पुढं १८८२ मध्ये हंटर आयोग बसला. पुण्याहून जोतीराव फुल्यांनी १९ ऑक्टोबर १८८२ या तारखेचं निवेदन त्या आयोगाला दिलं. आधी बहुजनांच्या प्राथमिक शिक्षणाचं बघा, आणि त्यात शेतीची माहितीही असू द्या, असं त्यांचं म्हणणं. आयोगानं हायस्कुलाच्या वरच्या वर्गांना दोन वाटा सुचवल्या. एक विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेकडे जाणारी, दुसरी व्यापार-व्यवहाराकडे. पोरं अर्थातच पहिल्या वाटेनं पळाली, कारण त्या वाटेच्या शेवटी सरकारी कचेरी होती. दुसऱ्या वाटेवर गवत वाढलं.

मग मुंबईत १८८७ मध्ये व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट निघाली. तिथं ड्रॉइंग शिकवणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर बढती हुकली म्हणून बेळगावास गेले. त्यांनी सायकली विकल्या, पुढं लोखंडी नांगर केला, आणि लोखंडानं जमिनीला विष बाधतं म्हणून शेतकरी तो विकत घेईनात. बडोद्यात सयाजीरावांनी १८९० मध्ये गज्जरांच्या हाती कलाभवन सोपवलं. आपले दादासाहेब फाळके तिथंच शिकले. ही सगळी मोठी माणसं. पण त्यांच्या गोष्टी सांगणारे मास्तर पुढं मुलाला विचारत, "मग काय, वकील होणार की डॉक्टर?"

गांधीजींनी तर वर्ध्याला २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ ला परिषदच भरवली. शिक्षण हस्तोद्योगातूनच द्यायचं, असं ठरलं. झाकिर हुसेन समितीनं योजना आखली, आणि आमच्या थोरल्या भावाच्या हातात टकळी आली. त्यानं एका वर्षात काढलेल्या सुतात आजीच्या वाती झाल्या. १९५२-५३ मध्ये मुदलियार आयोगानं बहुउद्देशीय शाळा सांगितल्या, सात शाखांच्या, त्यांतली एक तांत्रिक. आणि जून १९६६ मध्ये कोठारी आयोगाचा अहवाल आला. त्यात शब्द होता कार्यानुभव.

वाचकांच्या लक्षात आलंच असेल की या इतिहासात ऑक्टोबर वारंवार येतो. ऑक्टोबरात मोठं काहीतरी ठरतं, आणि तेवढ्यात दिवाळीची सुट्टी लागते.

आमचाही ऑक्टोबर गर्दीचा असे. पावसाळाभर शेड गळून हत्यारांवर गंज चढलेला, दसरा तोंडावर, आणि दसऱ्यामागोमाग सहामाही. खंडेनवमीच्या आधी तीन दिवस तास बंद. रॉकेलमध्ये बोळे बुडवून आम्ही करवती, रंधे, पटाश्या, कानशी पुसत बसायचो. रॉकेल रेशनवरचं, त्यामुळे मिस्त्री थेंब मोजत. लेथला झेंडूच्या माळा, ऐरणीला हळदकुंकू. पुस्तकंही पूजेला मांडायची असल्यामुळे त्या दिवशी अभ्यास करणं हे पाप होतं, आणि एवढं कडकडीत धर्मपालन आम्ही वर्षात दुसरं करत नसू.

त्या वर्षी खंडेनवमीला जिल्ह्याचे शिक्षणखात्याचे साहेब यायचे होते, म्हणून प्रत्येकानं आपला एक जॉब टेबलावर मांडायचा असं ठरलं. माझा चौरस मांडण्याच्या लायकीचा नव्हता. तेव्हा मी भट्टीवर छन्नी करायला घेतली. पोलादाची अठपैलू कांडी तापवून तिचं टोक ठोकायचं, कानशीनं धार काढायची, हे कसंबसं झालं. पण छन्नीचा खरा जीव पाण्यात. पोलाद लाल करून टोक पाण्यात बुडवायचं, ते घासून चकचकीत करायचं, आणि मागची ऊब पुढं सरकताना टोकावर जे रंग धावत येतात ते बघत बसायचं. नेमक्या रंगाला पुन्हा बुडवायचं. पुस्तकात लिहिलं होतं, छन्नीसाठी जांभळा, सुमारे २८० अंश सेंटिग्रेड. तेवढं मोजणारा तापमापक आख्ख्या शाळेत नव्हता.

मिस्त्री म्हणाले, "आधी वाळल्या गवताचा रंग येतोय. मग विटकरी. मग वांग्याचा. वांगं दिसलं की बुडव. वांगं गेलं की छन्नी गेली."

मी दोनदा बुडवली. पहिल्यांदा गवतावरच, आणि घाव घालताच तिचा टवका उडाला. पुन्हा घासून दुसऱ्यांदा बसलो, तेव्हा वांगं कधी येऊन गेलं ते मला दिसलंच नाही; धार मेणासारखी वळली. तिसऱ्यांदा मिस्त्रींनी सांडस माझ्या हातातून काढून घेतली. त्यांनी टोक पुन्हा ठोकलं, तापवलं, बुडवलं, विटेच्या तुकड्यानं घासलं, डोळे बारीक केले आणि चुर्र! सगळं मिळून दहा मिनिटं. माझं काम भाता हलवण्याचं.

साहेब आले. पूजा झाली. खुर्च्यांवर सर बसले, मिस्त्री प्रसादाचं ताट घेऊन दाराशी उभे. साहेबांनी श्रमप्रतिष्ठेवर पाऊण तास भाषण केलं. कोठारी आयोग, कार्यानुभव, डोकं आणि हात यांतली दरी, सगळं आलं. दरी किती रुंद आहे हे सांगताना त्यांनी हात पसरले, तेव्हा एक हात बरोबर दाराकडे गेला होता. हे मला आत्ता लिहिताना सुचतंय. तेव्हा मी फक्त प्रसादाकडे बघत होतो.

मग साहेब टेबलापाशी आले आणि त्यांनी नेमकी ती छन्नी उचलली. लोखंडाच्या पट्टीवर ठेवून वर हातोडा मारला. पट्टी कापली गेली. धारेला काही झालं नाही.

"वा! ही कुणी केली?"

मी हात वर केला. मला वाटतं, वर करण्याआधी मी दाराकडे पाहिलं. निदान पाहिलं असावं.

"पोरानंच केली सायेब," मिस्त्री दारातून म्हणाले. "हात चांगला हाय त्याचा."

साहेबांनी माझी पाठ थोपटली. "उद्याचा इंजिनियर!" हे वाक्य संध्याकाळपर्यंत मामलेदार कचेरीत पोचलं, आणि वडिलांनी त्या दिवशी दोन पानं जास्त खाल्ली. मी पुढं इंजिनियर झालो नाही. बँकेत लागलो, आणि तिथं छत्तीस वर्षं रंग बघितला तो शाईचा.

छन्नी अजून घरात आहे. आमच्या सौभाग्यवती तिनं गूळ फोडतात. २०२० च्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांनी १० दिवस दप्तर घरी ठेवून सुतार, माळी, कुंभार यांच्याकडे शिकावं असं आहे, ते कळल्यावर नातवानं मला विचारलं, "आजोबा, त्या सुताराला काय म्हणायचं? सर?" मी गूळ तोंडात टाकला आणि बोलणं टाळलं.

सहामाही संपली, दिवाळी आली. मला झोप नीट लागत नव्हती असं म्हणण्याइतका मी थोर मुलगा नव्हतो, पण आई फराळाची ताटं लावत होती तेव्हा मी म्हटलं, "एक मिस्त्रींकडे नेतो." आईनं चमकून पाहिलं आणि ताटात आणखी दोन चकल्या ठेवल्या.

ते गावाबाहेर, ओढ्यापलीकडे राहत. अंगणात खाटेवर बसले होते. घरची भट्टी सणाची म्हणून विझवलेली. मी ताट पुढं केलं, आणि वाटेत दहा वेळा घोकलेलं बोलायला गेलो.

"सर, त्या छन्नीचं..."

मिस्त्रींनी गर्रकन मागं वळून पाहिलं. कोण सर आले म्हणून.

मागं कुणी नव्हतं. ते पुन्हा माझ्याकडे वळले, थोडा वेळ बघत राहिले. मग त्यांनी ताटावरचा रुमाल बाजूला केला, एक चकली उचलली आणि डोळे बारीक करून उजेडाकडे धरली.

"रंग बरोबर धरलाय आईनं," ते म्हणाले. "आनि जरा ऱ्हायली असती तर जळलीच असती. बस."