गावाचे वय

माझी नात पर्यटन व्यवस्थापनाचा अभ्यासक्रम शिकते. दिवाळीत ती घरी आली तेव्हा तिच्या वहीत एक आलेख दिसला. आधी हळूहळू चढणारी, मग झपकन वर जाणारी आणि शेवटी सपाट होणारी रेघ. "आजोबा, हा बटलरचा आलेख. परीक्षेत हमखास येतो."

मी जन्मभर शाळेत भूगोल शिकवला, त्यामुळे मला नदी आठवली. युवावस्था, प्रौढावस्था, वृद्धावस्था! डेव्हिस नावाच्या अमेरिकन भूगोलतज्ज्ञाने भूरूपांना वय दिले, आणि आम्ही ते फळ्यावर काढत राहिलो. रिचर्ड बटलर हाही भूगोलाचाच माणूस निघाला, म्हणून जरा आपुलकी वाटली.

तो तेव्हा कॅनडात वेस्टर्न ऑन्टारिओ विद्यापीठात शिकवत होता. १९८० साली त्याने 'कॅनेडियन जिऑग्राफर' या नियतकालिकात एक लेख लिहिला. अवघी आठ पाने. आधी चार-दोन भटके एखादे ठिकाण शोधतात, मग गावकरी खोल्या भाड्याने देऊ लागतात. पुढे बाहेरचा पैसा येतो, जाहिरात होते, मोठी हॉटेले उभी राहतात. हंगामात गावकऱ्यांपेक्षा पाहुणे जास्त होतात. मग वाढ मंदावते, गाव साचते. त्यापुढे उतरण, नाहीतर पुनरुज्जीवन.

कल्पना सर्वस्वी त्याची नव्हे. मध्यवर्ती स्थानांचा सिद्धांत मांडणारे ख्रिस्टालर (बी.ए.ला आम्ही ज्यांना घाबरायचो तेच!) यांनी १९६०च्या दशकात लिहिले होते की, अस्पर्शित जागा आधी चित्रकार शोधतात, त्यांच्यामागून हौशे येतात, आणि मग चित्रकार दुसरीकडे निघून जातात. १९७४ मध्ये स्टॅन्ली प्लॉगने हेच प्रवाशांच्या स्वभावावरून सांगितले. पण आलेखाचा आकार बटलरने बाजारशास्त्रातून घेतला. तिथे वस्तूचे जीवनचक्र शिकवतात. साबण बाजारात येतो, खपतो, मागे पडतो.

आणि इथेच मला खटकले. साबण खपेनासा झाला की कारखानदार नवा काढतो. गावाने काय करायचे? विहिरी, किनारा, डोंगर दुसरे कुठून आणायचे?

नातीने मूळ लेख काढून दिला. शब्दकोश घेऊन दोन दिवस बसलो. माझी शंका बटलरलाही होती असे दिसले. पर्यटनस्थळे ही अमर्याद आणि कालातीत नाहीत, ती संपू शकणारी साधनसंपत्ती आहे, तेव्हा जागेला पेलेल इतकीच वर्दळ ठेवावी, असे त्याचे म्हणणे. लेखाचा जीव यात आहे. दीर्घकाळाचे आकडे मिळणे कठीण, हेही तो मोकळेपणाने मान्य करतो.

पुढे काय झाले ते मोठे गमतीचे आहे. पर्यटनाच्या अभ्यासात सर्वांत जास्त उल्लेखल्या गेलेल्या लेखांत तो जाऊन बसला. कुणी नायगारा तपासला, कुणी पॅसिफिकमधली बेटे, कुणी इंग्लंडची समुद्रकाठची गावे. काही जुळले, काही नाही. १९८६ मध्ये हेवूड यांनी विचारले, हे प्रत्यक्षात वापरायचे कसे? एखादे ठिकाण कोणत्या पायरीवर आहे हे त्या वेळी कळत नाही, नंतर कळते. (नदीचे तसेच!) २००६ साली या एका कल्पनेवर खुद्द बटलरच्या संपादनाखाली दोन जाड खंड निघाले.

एवढा मान मिळाला, पण वर्गात उरला तो आलेख. नातीच्या टिपणांत पुनरुज्जीवनावर दोन पाने आहेत: अटलांटिक सिटीने जुगारघरे काढली, स्कॉटलंडच्या अव्हिमोरने हिवाळी खेळ आणले. वर्दळीला मर्यादा घालण्यावर एक ओळ. विकणाऱ्याला पुनरुज्जीवनच आवडणार, त्यात नवल नाही. व्हेनिसने मात्र एप्रिल २०२४ पासून ठराविक दिवशी, दिवसापुरत्या येणाऱ्यांना पाच युरो प्रवेशशुल्क लावले. त्या लेखाला तेव्हा चव्वेचाळीस वर्षे झाली होती.

कोकणात आमच्या पुतण्याने घराच्या मागच्या बाजूला चार खोल्या बांधल्या आहेत. शनिवार-रविवार भरलेल्या असतात. पोरांची फी त्यातून निघते, हे मी विसरत नाही. त्याला आलेख दाखवला तर म्हणाला, "काका, आपण अजून दुसऱ्या पायरीवर. अजून चार खोल्या काढता येतील."

नातीने माझ्याकडे पाहिले. गेल्या मे महिन्यात आमच्या आळीत पहिल्यांदा पाण्याचा टँकर आला, तो कितव्या पायरीवर मांडायचा, असे मी तिला विचारले. तिने पेन्सिल घेतली आणि बराच वेळ त्या रेघेकडे पाहत बसली.