निद्रिस्त भाषेचें दप्तर व तरुण वाचक

(१) जुना कागद उपलब्ध झाला, त्याची नक्कल झाली व तो छापून निघाला, म्हणजे आपलें कर्तव्य संपलें, अशी समजूत संशोधकवर्गांत पुष्कळ अंशीं रूढ आहे. ती सर्वस्वीं खरी नाहीं, हें दाखविणारें एक परदेशीय उदाहरण वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे. उत्तर अमेरिकेंतील म्यामिया नांवाच्या मूलनिवासी लोकांची भाषा बोलणारें कोणी उरलें नसतां, ती हस्तलिखितांच्या आधारें तरुणांच्या मुखीं पुनः कशी आली, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

(२) या लोकांचा मूळ प्रदेश म्हणजे हल्लींच्या इंडियाना व ओहायो या संस्थानांचा टापू. इ. स. १८४६ मध्यें अमेरिकन सरकारनें त्यांतील मोठ्या भागास सक्तीनें नौकांवर चढवून कॅन्ससकडे नेलें. कांहीं कुटुंबें मागें इंडियानांत राहिलीं. पुढें १८६७ च्या करारानें कॅन्ससमधील लोकांनाहि उठवून आजच्या ओक्लाहोमाकडे धाडण्याचें ठरलें. एका समाजाचीं अशीं शकलें झाल्यावर भाषेची परंपरा टिकणें कठीणच. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर ती अस्खलित बोलणारें कोणी राहिलें नाहीं व विद्वानांनीं तिची गणना मृत भाषांत केली. म्यामिया लोक स्वतः मात्र तिला मृत न म्हणतां निद्रिस्त म्हणतात.

(३) सुदैवानें या भाषेचें दप्तर मोठें आहे. सतराव्या शतकाच्या अखेरीपासून फ्रेंच जेसुइट पाद्र्यांनीं तिच्या इलिनॉय बोलीचे कोश हातानें लिहून ठेविले. याच संप्रदायाच्या टॉमस स्टीफन्स याचें कोंकणीचें व्याकरण १६४० मध्यें राचोल येथें छापलें गेलें, हें आमच्या वाचकांस विदितच आहे. इलिनॉय कोशांपैकीं एक हार्टफर्ड येथें व दुसरा प्रॉव्हिडन्स येथें जतन केलेला आहे. तिसरा, पिने याचा, १९९९ मध्यें कॅनडांतील सेंट-जेरोम येथील जेसुइट दप्तरांत मायकेल मॅकॅफर्टी यांस आढळला. या शोधाचें एक फळ असें कीं, हार्टफर्डचा कोश जो पूर्वीं ग्राव्हिए याचा समजत, तो हस्ताक्षरें ताडून पाहतां जाक लार्जिलिए याच्या हातचा ठरला. कारण तेंच अक्षर पिनेच्या कोशांतहि आढळतें. याशिवाय एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गॅटशेट यांनीं व त्यानंतर इंडियानाचे इतिहासकार डन यांनीं वृद्धांच्या तोंडून शब्द व कथा टिपून घेतल्या.

(४) परंतु हें सर्व वाचावयाचें कसें? स्वरांचें ऱ्हस्वदीर्घत्व आणि कांहीं व्यंजनांपूर्वींचा सूक्ष्म हकार, हे दोन्ही भेद या भाषेंत अर्थ बदलतात. आणि टिपणारांनीं ते सर्वत्र सारखे दाखविलेले नाहींत. मोडींतहि ऱ्हस्वदीर्घ पाळलेले नसतात. पण तेथें वाचणारास मराठी येत असल्यानें तो तें मनानें लावून घेतो. येथें तर भाषा जाणणाराच नव्हता. डेव्हिड कोस्टा यांनीं सर्व कागद परस्परांशीं व सगोत्र भाषांशीं ताडून उच्चार व व्याकरण निश्चित केलें, आणि १९९४ मध्यें बर्कले येथें तो प्रबंध सादर केला.

(५) प्रबंध कपाटांत राहिला असता, तर एका विद्वानाची कीर्ति वाढली असती, इतकेंच. डॅरिल बाल्डविन या म्यामिया गृहस्थानें तसें होऊं दिलें नाहीं. पूर्वीं सुतारकाम करणाऱ्या या गृहस्थानें प्रौढपणीं भाषाशास्त्राचें अध्ययन केलें व पत्नीसह घरांत मुलांशीं ती भाषा बोलण्यास आरंभ केला. २००१ मध्यें ओहायोंतील मायामी विद्यापीठांत या कार्यासाठीं स्वतंत्र संस्था निघाली. २००५ पासून दहा ते सोळा वर्षांच्या मुलांसाठीं उन्हाळी वर्ग भरूं लागले. वनस्पति, आकाश, नातीगोतीं व खेळ, असे विषय घेऊन त्यांत भाषा शिकवितात. विद्यापीठांतील म्यामिया विद्यार्थी या वर्गांत धाकट्यांचे सोबती होतात. कोशांतून निघालेला शब्द असा भाषाशास्त्रज्ञाकडून प्रौढाकडे, प्रौढाकडून तरुणाकडे व तरुणाकडून बालकाकडे जातो. हीच रीत २०११ मध्यें वॉशिंग्टन येथें भरलेल्या अभ्यासवर्गांत इतर समाजांसहि उपयोगी पडली. तेथें निरनिराळ्या भाषांच्या वारसांस मार्गदर्शक जोडून देऊन जुने कागद वाचावयास बसविलें गेलें.

(६) यावर असा आक्षेप संभवतो कीं, ही पुनः उभी केलेली भाषा पूर्वजांची हुबेहूब भाषा नव्हे. तें आम्हांस मान्य आहे. परंतु फाटक्या पत्राचा मजकूर जुळवितांना आपणहि अनुमानच करितों, व कोणतें अक्षर कागदावरचें व कोणतें आपलें, हें कंसांत दाखवितों. तोच प्रामाणिकपणा गुरूनें शिष्यापाशीं राखिला, कीं आक्षेपाचें बळ बरेंच कमी होतें. उलट, शुद्धतेच्या भयानें कोणीच बोललें नाहीं, तर हाती राहतो तो केवळ कागद.

(७) आपल्याकडे मराठी बोलणारे कोट्यवधि आहेत. पण रुमालांत बांधलेलें मोडी दप्तर वाचणारे किती उरले, याचा प्रत्येक संग्राहकानें आपल्या मनाशीं विचार करावा. अक्षराचें वळण, लेखनिकाच्या लकबी, कालगणनेच्या खुणा, हें ज्ञान पुस्तकांत थोडें व जाणत्याच्या शेजारीं बसून पुष्कळ मिळतें. जाणता गेला म्हणजे तें त्याच्याबरोबर जातें. मग म्यामियांप्रमाणें सर्व कागद ताडून तें पुनः मिळविण्यास एक आयुष्य खर्चावें लागतें. म्हणून ज्यांच्या संग्रहीं दप्तर आहे त्यांनीं आपल्या हयातींतच एखाद्या तरुणास शेजारीं बसवून रुमाल सोडावा, एवढी विनंती करून हा लेख पुरा करितों.