न पाठविलेले पत्र

आजोबांच्या ट्रंकेत ‘समाजस्वास्थ्य’चे काही जुने अंक होते. ते आम्हां मुलांच्या हाती लागू नयेत म्हणून आजी ट्रंकेवर गाद्यांची चळत रचून ठेवी. तिच्या माघारी मी ते वाचायला घेतले, तो एका अंकात आजोबांच्या हातचे, टपालात कधीच न पडलेले पत्र सापडले. ‘प्रा. कर्वे यांस—’ एवढे वाचून मी ते मिटले.

रघुनाथ धोंडो कर्वे यांनी हे मासिक १९२७ च्या जुलैत मुंबईला सुरू केले. घरी वडीलधाऱ्यांपुढे जे ओठांवर येत नसे, ते लोक त्यांना लिहून विचारीत आणि कर्वे न लाजता, न लाजवता उत्तर देत. हीच उत्तरे १९३४ साली कोर्टात अश्लील ठरली. २०० रुपये दंड झाला. कर्व्यांच्या बाजूने डॉ. आंबेडकर उभे राहिले होते. विकृती असलीच, तर ती ज्ञानानेच जाईल, असे त्यांचे म्हणणे होते.

पुढच्याच वर्षी इंग्लंडात चॅड व्हारा या तरुण पाद्र्याने १४ वर्षांच्या एका मुलीचा अंत्यविधी केला. पाळी आली, तिला ती घाणेरडा रोग समजली आणि तिने जीव दिला. विचारणार तरी कोणाला? ही बोच व्हारांच्या मनातून गेली नाही. २ नोव्हेंबर १९५३ रोजी त्यांनी लंडनच्या एका चर्चमध्ये, जिवावर उदार झालेल्यांसाठी टेलिफोनची सेवा सुरू केली. ताटकळणाऱ्यांना चहा देणारे स्वयंसेवक नुसते ऐकून घेत, आणि तेवढ्यानेच पुष्कळांचे मन हलके होई. हे पाहून व्हारांनी १९५४ मध्ये ते काम त्यांच्यावरच सोपविले. नावाची सक्ती नाही, उपदेश नाही, ऐकलेले बाहेर नाही.

त्याआधी तीन आठवडेही झाले नव्हते, १४ ऑक्टोबरला, कर्वे वारले होते. एक नास्तिक, दुसरा पाद्री; पण दूरच्या दुःखिताशी वागण्याची रीत दोघांची एकच.

आज आपल्याकडे, १० ऑक्टोबर २०२२ पासून, ‘टेली-मानस’चा १४४१६ हा क्रमांक आहे, २०१७ च्या कायद्याने मानसिक रुग्णाची गोपनीयता हा त्याचा हक्क ठरला आहे. परंतु कायदा घरात कोठवर पुरणार? फोनवर बोलणाऱ्याच्या दाराशी कान लावायचा नाही, हे आपणच पाळायचे.

आजोबांचे पत्र मी पुढे वाचले नाही. ते ज्यांना लिहिले होते, ते मी नव्हे.