तबकडीच्या शेवटी ऐकू येणारं नाव



आपण रोजच गाणी ऐकतो. एसटीत, लग्नाच्या मांडवात, मोबाईलवर. पण कानावर पडणं वेगळं आणि ऐकणं वेगळं. सुपात धान्य घेऊन आपण एकेक खडा निवडतो ना, तसं गाणं निवडून ऐकलं, तर त्यातून इतिहास हाती लागतो. आज असंच एक जुनं गाणं ऐकू या. शंभर वर्षांहूनही जुनं, गौहर जान यांचं.

(इथे तबकडीवरचं गाणं ऐकवलं.)

काय ऐकू आलं? आधी नुसती खरखर. कढईत काही तळत असावं तशी. मग त्या खरखरीतून एक बारीक, उंच, ताठ आवाज वर येतो. मागे तबला आहे, पण दबका, भिंतीपलीकडे वाजत असल्यासारखा. गाणं घाईत आहे, कुठे निवांत थांबत नाही. आणि गाणं संपतं न संपतं तोच बाई इंग्रजीत ठणकावून सांगतात, 'माय नेम इज गौहर जान.'

आता यातल्या एकेका गोष्टीला 'का?' असं विचारू या.

१९०२ साल, नोव्हेंबर महिना. लंडनच्या ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गेसबर्ग मुद्रणाचं यंत्र घेऊन कलकत्त्याला आले. गौहर जान तेव्हा २९ वर्षांच्या होत्या आणि कलकत्त्याच्या नामांकित गायिका होत्या. त्या वेळी माईक नव्हता. भिंतीतून एक मोठा कर्णा बाहेर आलेला असे. गाणारीने त्या कर्ण्यात तोंड घालून जोरात गायचं. तो आवाज पुढे सुईला हलवी आणि सुई मेणाच्या तबकडीवर रेघ कोरी. उंच, टोकदार आवाज चांगला कोरला जाई, खालचे घुमणारे सूर नीट उमटत नसत. म्हणून आवाज ताठ आणि तबला दबका. विजेवर चालणारा माईक १९२५ च्या सुमारास आला, तेव्हा कुठे हळू आवाजात गाता येऊ लागलं.

घाई का? तर तबकडीवर जेमतेम तीन मिनिटं मावत. मैफिलीत जी चीज तासभर रंगायची, ती तीन मिनिटांत बसवायची. पीठ तेवढंच, परात मात्र लहान! पुष्कळ उस्तादांना हे पटलं नाही. कुणाला वाटलं आपली विद्या चोरली जाईल, कुणाला यंत्राचीच भीती. कोठ्यावर, मैफिलीत गाणाऱ्या स्त्रिया मात्र पुढे आल्या. चांगल्या घरच्या बाईने चारचौघांत गाऊ नये, असा तो काळ. ज्यांना समाज नावं ठेवत होता, त्याच बायकांनी आपल्या देशाचं गाणं सुरुवातीला तबकडीवर आणलं.

आणि ते नाव? मेणावरचं मुद्रण बोटीने जर्मनीत हानोव्हरला जायचं. तबकड्या तिथे निघत. तिथल्या कामगारांना आपली भाषा येत नव्हती. कोणतं गाणं कुणाचं हे कळून कागदी चकतीवर बरोबर नाव छापता यावं, म्हणून गायिका शेवटी नाव सांगत. म्हणजे ही कारखान्याची सोय. पण परिणाम बघा. ज्या घराचा उंबरा त्या बाईंना ओलांडू दिला नसता, त्या घराच्या दिवाणखान्यात त्यांचं नाव त्यांच्याच तोंडून वाजू लागलं. गौहर जान १९३० मध्ये वारल्या. नाव अजून ऐकू येतंय.

आता आपल्याकडे येऊ. जात्यावर आपल्या आज्या-पणज्यांनी किती ओव्या गायल्या, त्याची गणती नाही. त्यांच्यासमोर कुणी कर्णा धरला नाही. गावात पिठाची गिरणी आली, जातं कोपऱ्यात गेलं आणि त्याबरोबर गाणंही मागे पडलं. १९८० च्या दशकात पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगावच्या बायकांच्या मदतीने या ओव्या गोळा करायला घेतल्या. एक लाखाहून जास्त ओव्या जमल्या. पुढे बर्नार्ड बेल यांच्या साथीने कितीतरी ध्वनिमुद्रितही झाल्या. त्यांनी नुसती ओवी लिहिली नाही, गाणारीचं नाव आणि गावही लिहिलं. मला यातली ही गोष्ट फार मोठी वाटते.

ही मुद्रणंही अशीच निवडून ऐका. जातं फिरत असेल तर दगडाची घरघर ऐका. खुंटा पुढे ढकलताना आवाज कसा ताणला जातो, दम कुठे घेतला जातो, एकीचा शब्द दुसरी कुठे उचलते, ते ऐका. गाण्याची चाल कष्टाच्या लयीवर बसलेली आहे, हे अर्थ न सांगताही कळतं.

आपल्या केंद्रासाठी गाणी मुद्रित करताना मी नेहमी विचारते, 'आजी, नाव काय सांगू?' उत्तर येतं, 'नाव कशाला गं बाई, जुनंच तर गाणं हाय.' मैत्रिणींनो, आपल्या गटाच्या रजिस्टरमध्ये पन्नास रुपयांच्या हप्त्यापुढेही नाव लागतं. मग आयुष्यभर जपलेल्या गाण्यापुढे का नको?

म्हणून येत्या बैठकीत एवढं करा. गटातल्या सगळ्यात वयस्कर बाईला एक गाणं म्हणायला सांगा आणि मोबाईलवर घ्या. मग सगळ्यांनी ते तीनदा ऐका. पहिल्यांदा फक्त आवाज ऐका. दुसऱ्यांदा लय आणि दम. तिसऱ्यांदा शब्द. प्रत्येकीने काय ऐकलं ते आपल्या शब्दांत सांगा. 'छान वाटलं' एवढ्यावर थांबू नका, छान म्हणजे कसं ते सांगा. हे गाणं त्या कुणाकडून शिकल्या, कोणतं काम करताना म्हणत, तेही विचारून घ्या. आणि मुद्रण बंद करण्याआधी त्यांना स्वतःचं नाव आणि गाव स्वतःच्या तोंडाने सांगू द्या.

ती मुद्रणं आपल्या केंद्राकडे पाठवा, आपण ती नावासकट ऐकवू.