जुनी नाणी ऑनलाइन विकताना : खरेदीदाराची पारख कशी करावी?

इंदूरच्या राजवाड्यालगतचा सराफा दिवसा सोन्याचांदीच्या व्यवहारांनी आणि रात्री खाद्यपदार्थांच्या गाड्यांनी गजबजलेला असतो. घरातले जुने नाणे विकायचे झाले तर पूर्वी अशाच एखाद्या पेढीची पायरी चढावी लागे. सराफ नाणे हातात घेई, वाजवून पाही, तराजूत टाकी आणि भाव सांगे. भाव पटला नाही तर नाणे खिशात घालून घरी परतता येई. आता नाण्याचे छायाचित्र मोबाइलवरून शेकडो मैल दूर जाते आणि गिऱ्हाईक कधी डोळ्यांनी दिसतही नाही. नाणे आधी हातातून सुटते की पैसा आधी हाती येतो, या एका प्रश्नावर सारा व्यवहार तोललेला असतो. ऑनलाइन खरेदीत ग्राहक कसा फसतो याची चर्चा पुष्कळ होते. विकणाराही तितकाच फसू शकतो, याकडे मात्र दुर्लक्ष होते.

होळकरांच्या काळापासून इंदुरात स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांत वाडवडिलांचे रुपये देवघरात जपण्याची आणि लक्ष्मीपूजनाला पुजण्याची रीत आहे. गोव्यातल्या घरांची गोष्ट निराळी नाही. पहिल्या लुईश राजाची प्रतिमा असलेला १८८१ चा चांदीचा रुपया, १९५८ पासून चलनात आलेले एस्कुदो आणि १८७१ पासूनची पोर्तुगीज हिंदची टपाल तिकिटे अनेक पेट्यांतून निघतात. नाणी वेगळी असली, तरी त्यांच्यावर डोळा ठेवणाऱ्यांच्या क्लृप्त्या त्याच आहेत. त्यामुळे होळकरी रुपयाच्या उदाहरणावरून गोव्यातल्या विक्रेत्यालाही पुष्कळ शिकता येते.

आधी आपल्या वस्तूची ओळख

अहिल्याबाई होळकर यांनी १७६७ ते १७९५ या काळात महेश्वरहून राज्यकारभार केला. होळकरांच्या रुपयांवर मोगल बादशहा शाह आलमचे नाव फारसी लिपीत असे. त्याच्या जोडीला शिवलिंग आणि बिल्वपत्र ही चिन्हे उमटवलेली दिसतात. इंदूरच्या टांकसाळीचे नाव नाण्यांवर ‘मल्हारनगर’ असे येते. अहिल्याबाईंच्या पश्चातही ही चिन्हे चालू राहिली. म्हणून शिवलिंग दिसले की नाणे अहिल्याबाईंच्याच काळातले, असा निष्कर्ष काढता येत नाही. त्यावरचे हिजरी वर्ष वाचावे लागते. पुढे शिवाजीराव होळकरांची प्रतिमा असलेला रुपया निघाला आणि १९३५ मध्ये यशवंतराव दुसरे यांच्या प्रतिमेचे तांब्याचे अर्धा आण्याचे नाणे आले. इंदूर संस्थानाची स्वतंत्र टपाल तिकिटे १८८६ पासून निघू लागली.

हा तपशील विक्रेत्याला ठाऊक नसेल, तर खरेदीदार सांगेल ते खरे मानावे लागते. फसवणुकीची सुरुवात येथेच होते. नाण्याची निश्चिती करण्यासाठी शहरातल्या नाणेसंग्राहकांच्या मंडळांची मदत घ्यावी. नाशिकजवळ अंजनेरी येथे भारतीय मुद्राशास्त्र संशोधन संस्था आहे, तर १९१० मध्ये अलाहाबादेत स्थापन झालेली भारतीय मुद्रा परिषद आज वाराणसीहून कार्य करते. अशा संस्थांच्या प्रकाशनांतून आणि नाण्यांच्या लिलावगृहांच्या जुन्या सूचींतून नाण्याचे वर्णन व भावाचा अंदाज मिळतो. लिलावात प्रत्यक्ष मिळालेला भाव पाहावा, कोणी जाहिरातीत मागितलेला नव्हे. नाणे विकण्यापूर्वी घासूनपुसून चकचकीत करण्याचा मोहही टाळावा. त्याने मोल वाढत नाही, उलट घटते.

भाव फुगवणारा आणि भाव पाडणारा

अप्रामाणिक खरेदीदार साधारणपणे दोन रूपांत येतो. पहिला भाव आकाशाला भिडवतो. वैष्णोदेवीची प्रतिमा असलेले पाच रुपयांचे नाणे किंवा क्रमांकात ७८६ हे आकडे असलेली नोट लाखो रुपयांना घेऊ, असे तो सांगतो. विक्रेता तयार झाला की नोंदणी शुल्क, कर, दलाली, विमा अशी एकेक मागणी सुरू होते. प्रत्येक रक्कम लाखांच्या आशेपुढे किरकोळ वाटते आणि अनेक हप्त्यांत हजारो रुपये निघून जातात. नाणे घरातच राहते, खरेदीदार मात्र नाहीसा होतो.

या प्रकारात रिझर्व्ह बँकेचे नाव आणि बोधचिन्ह वापरले जाऊ लागल्यामुळे ४ ऑगस्ट २०२१ रोजी बँकेने जाहीर इशारा दिला. जुन्या नोटा व नाण्यांच्या खरेदी-विक्रीत बँक पडत नाही, त्यासाठी कसलेही शुल्क वा दलाली मागत नाही आणि आपल्या वतीने असे पैसे घेण्याचा अधिकार तिने कोणत्याही संस्थेला किंवा व्यक्तीला दिलेला नाही, असे त्यात स्पष्ट केले होते. विक्रेत्याने यातून एकच नियम लक्षात ठेवावा. अनोळखी खरेदीदार माल घेण्यापूर्वीच विकणाऱ्याकडून पैसे मागू लागला, तर व्यवहार तेथेच थांबवावा.

दुसरा खरेदीदार भाव पाडतो. छायाचित्र पाहताक्षणी तो नाणे नकली ठरवतो आणि ‘तरीही चांदीच्या भावात घेतो’ असे उपकाराच्या सुरात म्हणतो. होळकरी रुपयाचे वजन साधारण ११ ग्रॅमच्या आसपास असते. म्हणजे चांदीचा भाव हा त्याच्या मोलाचा तळ आहे. दुर्मीळ वर्षाचे किंवा उत्तम स्थितीतले नाणे त्याहून कितीतरी अधिक मोलाचे असू शकते. खरोखर नकली वस्तू घेण्यासाठी कोणी घाई करीत नाही. ‘आजच ठरवा, उद्या हा भाव नाही’ असे शब्द आले की दुसऱ्या जाणकाराचे मत घेईपर्यंत उत्तर देऊ नये.

पैसे आल्याचा भास

मालाची किंमत ठरल्यानंतर खरी जोखीम सुरू होते. पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट बनावट असू शकतो. बँकेच्या संदेशासारखा दिसणारा संदेश साध्या मोबाइल क्रमांकावरून आलेला असू शकतो. म्हणून खात्यातली शिल्लक बँकेच्या स्वतःच्या अ‍ॅपमध्ये किंवा पासबुकात पाहावी. खरेदीदाराने पाठवलेल्या दुव्यावरून पाहू नये.

यूपीआयचा पिन केवळ पैसे देण्यासाठी लागतो, पैसे घेण्यासाठी कधीही लागत नाही. क्यूआर कोड स्कॅन करण्याचेही तसेच आहे. ‘पैसे मिळवण्यासाठी हा कोड स्कॅन करा’ असे सांगणारा खरेदीदार विक्रेत्याचे खाते रिकामे करण्याच्या तयारीत असतो. सैन्यात वा निमलष्करी दलात असल्याची बतावणी करून, गणवेशातले छायाचित्र आणि ओळखपत्राची प्रत पाठवून विश्वास मिळवण्याची पद्धत देशभर उघड झाली आहे. ओळखपत्राचे छायाचित्र म्हणजे ओळख नव्हे.

‘चुकून जास्त रक्कम पाठवली, वरची परत करा’ असा निरोप आला, तर आधी रक्कम खरोखर जमा झाली आहे का ते पाहावे. ती जमा झाली असली, तरी स्वतः होऊन दुसऱ्या खात्यात पाठवू नये. बँकेला लेखी कळवावे. अशी रक्कम कधी कधी तिसऱ्याच माणसाला फसवून मिळवलेली असते. त्याने तक्रार केली की पैसा ज्या ज्या खात्यांतून फिरला, ती खाती गोठवली जाऊ शकतात. प्रामाणिक विक्रेताही त्यात अडकतो. अशा वेळी काय विकले, कोणाला, किती किमतीला आणि कोणत्या दिवशी, हे दाखवणारी साधी पावती आणि जपून ठेवलेले संदेश हाच त्याचा आधार ठरतो.

बदललेले नाणे परत आले तर?

सर्वांत कठीण फसवणूक माल पोहोचल्यानंतर होते. खरेदीदार अस्सल नाणे ठेवून घेतो आणि हलक्या प्रतीचे किंवा नकली नाणे ‘वर्णनाप्रमाणे नाही’ म्हणून परत पाठवतो. कधी ‘पाकीट रिकामेच आले’ असा दावा करतो. परदेशी संकेतस्थळावर कार्डाने पैसे आले असतील, तर काही आठवड्यांनंतरही तो बँकेकडे व्यवहार नाकारू शकतो. आपण पाठवलेले नाणे नेमके कोणते, हे सिद्ध करण्याचा भार मग विक्रेत्यावर येतो.

या ठिकाणी जुन्या नाण्यांचा स्वभावच उपयोगी पडतो. होळकरी रुपये हाताने, घणाच्या घावाने ठोकलेले आहेत. ठसा कधी मध्यावर, कधी कडेला सरकलेला. कड कुठे जाड, कुठे फाटलेली. त्यामुळे दोन नाणी तंतोतंत सारखी सापडणे जवळजवळ अशक्य असते. त्यातच पूर्वीच्या सराफांनी चांदी तपासताना मारलेल्या लहानशा खुणा असतात. संग्राहकाच्या दृष्टीने या खुणा वैगुण्य ठरतात. पण मालकाच्या दृष्टीने तीच त्या नाण्याची ओळख आहे.

म्हणून नाणे जाहिरातीत टाकण्यापूर्वी त्याची नोंद करावी. दोन्ही बाजूंची आणि कडेची स्पष्ट छायाचित्रे मोजपट्टी शेजारी ठेवून घ्यावीत. ग्रॅमच्या शतांशापर्यंत वजन दाखवणाऱ्या काट्यावर नाणे ठेवून आकड्यासह छायाचित्र काढावे. व्यास लिहून ठेवावा. प्रत्येक खूण, खरचटा आणि फाट जाहिरातीतच नमूद करावी. म्हणजे पुढे ‘दोष लपवला’ असे म्हणायला जागा उरत नाही. माल परत घेण्याच्या अटीही आधीच लेखी ठरवाव्यात. किती दिवसांत परत घेणार, मोहोरबंद पाकीट फोडले तर काय आणि परतीचा खर्च कोणाचा, हे त्यात असावे.

पाठवणी आणि प्रत्यक्ष भेट

पाकीट बांधताना नाणे, त्याचे वजन, पाकिटावरचा पत्ता आणि शेवटची मोहोर हे सारे एकाच अखंड चित्रफितीत टिपावे. टपाल कार्यालयात मिळणाऱ्या पावतीवर वजनाची नोंद आहे का ते पाहावे. रिकाम्या पाकिटाच्या तक्रारीला ते चोख उत्तर असते. मोलाच्या वस्तूचा विमा उतरवावा. पाकिटावर बाहेरून ‘नाणी’ असे लिहू नये. व्यवहाराच्या वेळी दिलेल्या पत्त्याऐवजी ऐनवेळी दुसरा पत्ता सांगितला गेला, तर पाठवणी रोखून धरावी.

व्ही. पी. म्हणजे मूल्यदेय टपाल ही सोय ग्रंथविक्रेते आणि नियतकालिके पिढ्यान्‌पिढ्या वापरत आली आहेत. पाकीट हाती पडण्यापूर्वी घेणाऱ्याला टपाल खात्याकडे पैसे भरावे लागतात, हे तिचे वैशिष्ट्य. लहान किमतीच्या व्यवहारात ती विक्रेत्याला उपयुक्त ठरू शकते.

प्रत्यक्ष भेट ठरली तर ती घरी ठरवू नये. एक नाणे पाहायला आलेला माणूस घरातला सारा संग्रह आणि तो कोठे ठेवला आहे हेही पाहून जातो. बँकेची शाखा किंवा ओळखीच्या सराफाची पेढी ही भेटीची योग्य जागा होय. एका वेळी एकच नाणे दाखवावे, ते परत हातात आल्यावर तपासावे आणि मगच दुसरे काढावे. हातचलाखीने नाणे बदलण्याचा प्रकार इंटरनेटच्या कितीतरी आधीचा आहे.

कायद्याच्या कचाट्यात टाकणारे गिऱ्हाईक

परदेशातून चांगला भाव देणारा खरेदीदार काही वेळा पाकिटावर ‘भेटवस्तू’ किंवा ‘शोभेची वस्तू’ असे लिहायला सांगतो. येथे विक्रेत्याने सावध व्हावे. पुरावस्तू व कलानिधी अधिनियम, १९७२ नुसार १०० वर्षांहून जुने नाणे पुरावस्तू ठरते आणि खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर पाठवता येत नाही. नियम मोडल्यास किमान ६ महिने ते ३ वर्षांपर्यंत कारावासाची आणि दंडाची तरतूद आहे. अठराव्या शतकातला होळकरी रुपया आणि १८८१ चा पोर्तुगीज रुपया हे दोन्ही या कक्षेत येतात. असा माल पाठवल्यावर खरेदीदाराने पैसे बुडवले, तर विक्रेत्याला तक्रारही करता येत नाही, कारण तक्रारीत त्याचा स्वतःचाच गुन्हा उघड होतो. अप्रामाणिक खरेदीदार नेमक्या याच अडचणीवर भरवसा ठेवून असतो. देशांतर्गतही पुरावस्तूंच्या विक्रीचा व्यवसाय करायचा तर परवाना लागतो.

जमिनीत सापडलेल्या नाण्यांचा प्रश्न वेगळा आहे. १८७८ च्या निखात निधी अधिनियमानुसार दहा रुपयांहून अधिक मोलाचे गुप्तधन सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे. चलनातून बाद झालेल्या जुन्या ५०० आणि १,००० रुपयांच्या नोटा १० हून अधिक बाळगण्यास २०१७ च्या कायद्याने मनाई केली असून, अभ्यास, संशोधन वा मुद्रासंग्रहासाठी ही मर्यादा २५ आहे. अशा नोटांचे गठ्ठे घेऊ म्हणणाऱ्या खरेदीदारापासून दूर राहिलेले बरे.

फसवणूक झाल्यास

वेळ न दवडता १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर दूरध्वनी करावा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंदणी संकेतस्थळावर तक्रार नोंदवावी. पैसा एका खात्यातून पुढच्या खात्यात सरकण्यापूर्वी तो रोखता आला तरच परत मिळण्याची शक्यता अधिक असते. म्हणून येथे तासांना महत्त्व आहे. आपल्या बँकेलाही त्याच वेळी लेखी कळवावे. संगणकीय साधनांद्वारे तोतयेगिरी करून फसवणे हा माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम ६६ ड खाली, तर फसवणूक हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली गुन्हा आहे. संदेश, क्रमांक, पावत्या, छायाचित्रे यांतले काहीही पुसून टाकू नये. लाजेपोटी गप्प बसणे हे फसवणाऱ्याच्याच पथ्यावर पडते.

गेलेली रक्कम कधीतरी भरून निघते. आजीच्या देवघरातला रुपया मात्र एकदा बदलला गेला की त्याच्यासारखा दुसरा मिळत नाही. पूर्वी सराफ गिऱ्हाइकाचे नाणे वाजवून घेत असे. आता नाणे देण्यापूर्वी गिऱ्हाईक वाजवून घेण्याची पाळी विकणाऱ्याची आहे.